फुलचूरपर्यंतची विलायत

माझ्या विलायतच्या प्रवासाचा पहिला टप्पा फुलचूरला संपला. फुलचूर म्हणजे आमच्या गोंदियापासून कोसभर. घराच्या माळ्यावरच्या खिडकीतून तिथली चिंचेची झाडं दिसत. वाजतगाजत, गळ्यात हार घालून, चार सभ्य गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आणून मी तिथवर गेलो आणि तिथेच राहिलो. पुढे बरेच दिवस मी समुद्रात कुठवर पोचलो हे सगळ्या गोंदियाला ठाऊक होतं. मी मात्र आमची शेती वाट्यानं करणाऱ्या बटईदाराच्या अंगणात बसून वाळत घातलेल्या धानावरच्या कोंबड्या हाकत होतो.

गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. आमचा जिल्हा तेव्हा भंडारा. मी गोंदियाच्या हायस्कुलात भूगोल शिकवत असे. समुद्र पाहिला नव्हता, पण भरती-ओहोटीचं चित्र फळ्यावर इतकं झोकात काढत असे की मी बंदरावरच वाढलो असं मुलांना वाटे. त्या वर्षी शिक्षण खात्यानं एका शिक्षकाला विलायतेतल्या ट्रेनिंग कॉलेजात एका टर्मसाठी पाठवायचं ठरवलं. अर्ज करणाऱ्यांत बायकोमुलांची अडचण नसलेला बहुधा मी एकटाच होतो, म्हणून निवड माझी झाली. एक टर्म म्हणजे जानेवारी ते ईस्टर. भूगोल कसा शिकवावा हे शिकून यायचं आणि परत येऊन पुन्हा भूगोलच शिकवायचा.

गावाला एवढ्यावर समाधान नव्हतं. बातमी फुटली तेव्हा मी ट्रेनिंगला चाललो होतो. शाळेपासून बाजारापर्यंत जाईतो मी डिग्रीला निघालो, आणि बाजारातून स्टेशनापर्यंत जाताजाता बॅरिस्टर व्हायला. एका बिडी कारखानदारानं मला रस्त्यात थांबवून भावाभावांतल्या दाव्याबद्दल सल्ला विचारला. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "मास्टरजी, आप बहुत नम्र हैं." यावर मी काही बोललो नाही. त्या दिवसांत मी बरेचदा काही बोललो नाही, आणि ते नम्रपणामुळे नव्हतं.

तयारीला मी मोठ्या गांभीर्यानं लागलो. नागपूरच्या जुन्या बाजारातून इंग्रजी शिष्टाचाराचं एक पुस्तक मिळवलं. त्यात एखाद्या डचेसची जिन्यात गाठ पडली तर काय करावं याला अख्खं प्रकरण दिलं होतं. भात कसा खावा याबद्दल ओळसुद्धा नव्हती. काटा-सुरी स्टेशनावरच्या खानावळीच्या खानसाम्याकडून उसनी आणली. सूट स्टेशनाजवळच्या शिंप्याकडे टाकला. साहेबी कपड्याला त्याचा हात बसलेला होता, पण आजवर त्यानं शिवलेले सगळे साहेब रेल्वेतले. कॉलर वळवायची, बटणं झाकायची, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि हाताला लागलेल्या सवयीप्रमाणे गार्डाचा कोट शिवून दिला. तो घालून मी पार्सल सोडवायला स्टेशनात गेलो, तर गाठोडं डोक्यावर घेतलेला एक म्हातारा मला विचारतो, "साहेब, नागपूरची गाडी कवा येते?" मी त्याच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुढे गेलो. एका टर्मच्या बॅरिस्टरानं गाड्यांच्या वेळा सांगायच्या नसतात.

घरात मी, आई आणि काका. वडील गेल्यापासून घर काकांनी सांभाळलं होतं. काका वाचनालयाचे सेक्रेटरी होते आणि गावात कुठलाही समारंभ त्यांच्यावाचून होत नसे. कधीकधी तर त्यांना वेळ आहे म्हणूनच समारंभ होई. आई शांत बाई. विलायतेचं पत्र आलं त्या दिवसापासून तर ती माझ्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलेनाशी झाली. समुद्र ओलांडणं तिला पसंत नाही, धर्म आडवा येतो, असं काकांनी ठरवलं आणि मीही ते मान्य केलं. तिला विचारायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. जाण्याआधी तिच्या तोंडून एक बरा शब्द निघावा, एवढीच माझी इच्छा होती. बाकी सगळ्या तयारीला पुस्तकं होती, खानसामे होते. याला काहीच नव्हतं.

बोट डिसेंबरअखेरची होती, आणि तोवर पौष लागत होता. पौषात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून भटजींनी प्रस्थान ठेवायला सांगितलं. ही आपल्याकडची जुनी सोय. मुहूर्त आणि गाडी जुळत नसेल तर फडक्यात नारळ, सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधून चांगल्या वेळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस निघाला असं धरायचं आणि मग सवडीनं निघायचं. त्याऐवजी माणसानं स्वतःच घर सोडलं तर अधिक पक्कं, पण मग खरंच निघेपर्यंत घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही.

नारळ गुपचूप शेजारी नेऊन ठेवता आला असता. पण नारळाची मिरवणूक निघत नाही. काकांनी माणूस पाठवायचं ठरवलं. पंचांगात मुहूर्त बरेच होते. त्यातला नेमका कोणता, हे बदकांनी ठरवलं. एक मोठे मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार, चोरखमाऱ्याच्या तलावावर बदकांच्या शिकारीला येणार होते आणि परतताना एका संध्याकाळी अध्यक्षस्थान घ्यायला मोकळे होते. त्यांची शिकार ज्या दिवशी आटोपली तो माझ्या प्रवासाचा दिवस.

प्रस्थान जायच्या दिशेला ठेवायचं असतं. विलायत पश्चिमेला आणि फुलचूर दक्षिणेला, हे भूगोलाचा शिक्षक म्हणून मी भटजींच्या कानावर घातलं. पण आमची शेती फुलचूरला आणि ती बटईनं करणारा माणूस घरच्यासारखा.

भटजी म्हणाले, "मास्तर, पृथ्वी गोल आहे असं तुम्हीच शिकवता ना?"

"हो."

"मग कुठूनही निघा. पोचता तुम्ही."

मिरवणुकीला लग्नाचा बँड होता आणि तो लग्नाचीच गाणी वाजवत होता. अध्यक्षांनी विलायतेतल्या शिकारीची माहिती दिली. हेडमास्तरांनी मला दीपस्तंभ म्हटलं. काका बोलायला उठले आणि वडिलांच्या नावावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते पाणी खरं होतं, हेही सांगायला हवं. निघण्यापूर्वी मी आत जाऊन आईच्या पाया पडलो. सगळे दारात उभे होते.

"येतो," मी म्हणालो.

यावर 'ये' म्हणायचं असतं. शेजारचा माणूस भाजी आणायला निघाला तरी म्हणतात. आईनं माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि चुलीवरचं दूध उतू जातंय का ते बघायला वळली. बँडवाल्यांना वाटलं झालं, त्यांनी सुरू केलं.

फुलचूरला बटईदारानं मला ओसरीवरची खोली दिली. तो साठीचा, हसरा माणूस. त्याची बायको त्याच्याहून अधिक हसरी. आपल्या घरून कोणीतरी विलायतेला चाललं याचा दोघांना फार आनंद झाला होता. दोनचार दिवसांत मी नागपूरची गाडी धरणार होतो. तेवढ्यात घरच्या पत्त्यावर तार आली, काकांनी ती बटईदाराबरोबर पाठवून दिली: बोट दुरुस्तीला गेली, पुढच्या बोटीत जागा दिली आहे, कॉलेजला कळवलं आहे. पुढची बोट म्हणजे आणखी तीन आठवडे. मी काकांना निरोप पाठवला की हे गावात सांगून टाका.

काका संध्याकाळी स्वतःच आले. खाटेवर बसले.

"सांगितलं का लोकांना?" मी विचारलं.

"सांगणारच होतो. पण वाचनालयात गेल्या गेल्या डॉक्टर म्हणाले, निघाला का पुतण्या? मी म्हटलं, निघाला."

"ते तर खरंच आहे."

"मग ते म्हणाले, आता मुंबईला असेल. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?"

मला तिथेच त्यांना थांबवता आलं असतं. पण हार घातलेल्या माणसाची कोसभरावर बसून बोटीची वाट पाहताना काय शोभा होते, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी म्हणालो, "बघू." त्या बघूवर काकांनी मला बोटीत बसवलं.

त्यानंतर ते दर दोनतीन दिवसांनी तिन्हीसांजेला येत आणि माझी खुशाली मलाच सांगत. शाळेतला जगाचा मोठा नकाशा त्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर लावून घेतला होता. संध्याकाळी लोक जमत, आणि काका छडीनं मी कुठे आहे ते दाखवत. मला पहिले दोन दिवस बोट लागली होती. मग सवय झाली. एका इंग्रज पाद्र्याशी माझी ओळख झाली होती. तो माझ्या इंग्रजीवर खूष होता.

"आज तू सुवेझला पोचलास," एकदा ते म्हणाले.

"काका, सुवेझच्या आधी एडन येतं."

"आधी?"

"आधी एडन, मग तांबडा समुद्र, मग सुवेझ."

काका अस्वस्थ झाले. "मग उद्या एडनला परत येऊ का?"

"बोट परत येत नसते."

"मग रात्री होऊन गेलं म्हणतो. अंधारात कोणाला दिसलं नाही. जमेल?"

जमेल, असं मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि बटईदाराच्या सारवलेल्या भिंतीवर मुंबईपासून मार्सेयपर्यंतची वाट काढून दाखवली. कुठे कोळसा भरतात, कालव्यात बोट किती हळू चालते, तेही समजावलं. खोटं बोलू नये एवढं मला कळत होतं. पण त्या क्षणी मला खोट्याचं काहीच वाटत नव्हतं, मला त्यातल्या भूगोलाची चूक सहन होत नव्हती. आजही तो कोळसा आठवला की मी एकटा असलो तरी मान खाली जाते.

दिवसा मी बाहेर पडत नसे. गोंदियाचं कोणी बैलगाडीनं जाताना दिसलं की खोलीत शिरे. वेळ घालवायला पुन्हा तयारी सुरू केली. विलायतेच्या थंडीची सवय व्हावी म्हणून खळ्यावर पांघरुणाशिवाय झोपायचा प्रयोग केला. पहाटे बटईदार पेंढा घ्यायला आला तेव्हा माझे दात वाजत होते.

"मास्तर, तिकडं रजया नाई भेटत का?"

"मिळतात."

"मंग कायले कुडकुडून राहिले?"

मी त्याला मनाची तयारी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या अंगावर रजई टाकून गेला.

जेवणाचा सराव मात्र लपून करता येईना. धान ठेवायची लाकडी पेटी हे टेबल, तिच्यावर पितळी ताट, ताटाच्या दोन बाजूंना काटा आणि सुरी. मी कोट घालून ताठ बसे. ताटात भात आणि लाखोळीच्या पाल्याची भाजी. शिष्टाचाराच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कोपर अंगाशी ठेवून मी काट्यावर भात चढवी, आणि तो तोंडापाशी येईतो पुन्हा ताटात पोचलेला असे. पहिल्या दिवशी बटईदाराच्या बायकोनं दाराआडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या दोघी जावा आल्या. त्यानंतर खळ्यावर काम करणारं अख्खं टोळकं दुपारची सुटी माझ्या जेवणाच्या वेळेला घेऊ लागलं. बटईदार पुढे बसून माहिती देई. त्यांना हटकायला मला संकोच वाटे. त्यांनी गोंदियात कुठे बोलू नये म्हणून मी त्यांच्याशी गोडीनं वागत होतो.

"एकेक शित टोचून राहिला, पाह्य."

"असा जेवला त संध्याकाळ होते."

"तरी म्हणलं साहेब लोकं दिवसभर टेबलापाशी काऊन बसतात."

"हसू नको वं. मास्तर बॅलिस्टर होऊन राहिले."

पण एके दिवशी हे हसणं एकदम थांबलं. मी काट्यावर नजर ठेवून होतो, कारण त्यावर बऱ्यापैकी घास टिकला होता. तो तोंडात गेल्यावर मी वर पाहिलं. बायका बाजूला सरकल्या होत्या आणि मध्ये आई उभी होती. पायांवर रस्त्याची धूळ, हातात फडक्यात बांधलेला डबा. कोसभर रस्ता ती एकटी चालत आली होती. माझ्या अंगात गार्डाचा कोट, हनुवटीवर लाखोळीची भाजी, आणि मागच्या भिंतीवर कोळशानं काढलेली मार्सेयची वाट.

तिनं हे सगळं सावकाश पाहून घेतलं.

"काऊन रे," ती म्हणाली, "इथं बसून विलायत खाऊन राहिला का?"

बायका इतक्या हसल्या की कोंबड्या उडाल्या. मी हसायचा प्रयत्न केला. काटा ठेवावा की धरून राहावं हे कळेना. आई हसली नाही. बटईदाराच्या बायकोनं एकेकीला हाताला धरून बाहेर काढलं, आईला पाणी दिलं आणि तीही गेली.

आईनं पेटीवरचं ताट बाजूला केलं आणि त्या जागी डबा ठेवला. पण तो उघडला नाही.

"तू पोचलास म्हणे," ती म्हणाली.

"कुठे?"

"ते तुम्हा दोघांना ठाऊक. काल कीर्तनाला गेले होते. शेजारणीनं पुसलं, मुलगा पोचला का? सगळ्या बाया ऐकून राहिल्या होत्या. मी म्हटलं, पोचला." तिनं पदरानं पायांवरची धूळ झटकली. "देवळात बसून म्हटलं. तुझ्या काकानं तुला समुद्रात सोडलं आणि मला देवळात."

मी काकांवर ढकलायला तोंड उघडलं होतं, पण तिची नजर भिंतीवर गेली. वाटेवरच्या प्रत्येक बंदराचं नाव माझ्या अक्षरात लिहिलं होतं. तिला वाचता येत होतं. माझं अक्षर तर चांगलंच ओळखता येत होतं.

"तुला माझं जाणंच पसंत नव्हतं," मी विषय बदलत म्हणालो. "समुद्र ओलांडायचा म्हणून तू बोलत नव्हतीस."

"समुद्राचं मला काय? मी पाहिला आहे का तो?"

"मग त्या दिवशी ये का म्हणाली नाहीस?"

"तू फुलचूरला चालला होतास रे." तिनं हे एखाद्या अडाणी पोराला सांगावं तसं सांगितलं. "मला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, बँडवाल्यालाही ठाऊक होतं. चार लोक दारात उभे राहून पाहतात म्हणून मी रडायचं, ये म्हणायचं? तू खरा निघशील तेव्हा म्हणेन, असं ठरवलं होतं. पत्र आलं त्या दिवसापासून घरात नुसती भाषणं चालली होती. त्यात मी काय बोलू? तुम्ही मला कुठे विचारलं?"

इतकी वर्षं मी स्वतःला समारंभांवर हसणारा माणूस समजत होतो. हेडमास्तरांच्या भाषणाची नक्कल मी मित्रांना करून दाखवत असे. आमच्या घरात त्या समारंभात सामील न झालेली एकच व्यक्ती होती, आणि तिच्या गप्प राहण्याला मी धर्मभोळेपणा म्हणत होतो. हे मला भाजी पुसता पुसता कळत होतं. कळून उपयोग नव्हता, कारण ती उठली होती.

"चल घरी."

"प्रस्थान मोडतं."

"मोडू दे."

"आई, अंधार पडल्यावर येतो. काकांनी गाडी ठरवली आहे. परस्पर पुढच्या लहान स्टेशनावर जाऊन मी..."

"चोर आहेस का तू?"

मी कोट काढायला लागलो, तर ती म्हणाली राहू दे, थंडी आहे. तो कोट घालूनच मला गोंदियात शिरावं लागलं.

ती पुढे आणि मी दोन पावलं मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत लाखोळी हिरवीगार पसरली होती. मी मनात प्रत्येकासाठी वेगवेगळी उत्तरं तयार करत होतो: डॉक्टरांना हे सांगायचं, हेडमास्तरांना ते. राइस मिलपाशी आलो तेव्हा माझे कान तापले होते. ओसरीवर बिड्या वळणाऱ्या बायकांचे हात थांबले. पानवाल्यानं चुन्याचा हात तसाच धरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अरे मास्टरजी! आप तो जहाज पर थे न?"

माझ्याजवळ सगळी उत्तरं होती, पानवाल्याचं नव्हतं. आई थांबली.

"जहाज बिघडलं होतं," ती म्हणाली. "अजून निघालाच नाही तो. फुलचूरले होता."

"अच्छा," पानवाला म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला. "तो माताजी, जायेंगे कब?"

"पुढच्या आठवड्यात."

एवढ्यावर सगळं संपलं. इतक्या दिवसांतला पाद्री, बोट लागणं, अंधारात होऊन गेलेलं एडन, हे सगळं तिनं तीन वाक्यांत आवरलं आणि पुढे चालायला लागली. मला वाटलं होतं लोक दगड मारतील. त्यांना तेवढी सवड नव्हती. मागून कोणीतरी हसलं, हे खरं. ते मला पुढे बरीच वर्षं ऐकू येत राहिलं, पण त्यात पानवाल्याचा काही दोष नाही.

वाचनालय घराच्या वाटेवरच होतं. दार उघडं होतं. आत नकाशासमोर काका उभे, आणि बाकांवर नेहमीची मंडळी, रविवार म्हणून दुपारीच जमलेली. काकांची छडी भूमध्य समुद्रात होती. त्यांनी आम्हाला पाहिलं. आई थांबली नाही, म्हणून मीही थांबलो नाही. पण ओलांडून जाताना मला दिसलं: काकांनी छडी खाली घेतली, चष्मा काढला आणि तो पुसत राहिले, मंडळी काहीतरी विचारत असताना.

दोन दिवस ते माझ्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पेटी भरत असताना दारात उभे राहिले. मला वाटलं काही बोलतील, आणि मलाही बोलायला हवं होतं, कारण ती छडी त्यांच्या हातात असली तरी वाट मी काढून दिली होती.

"एडन," ते म्हणाले. "ते खरं कसं दिसतं, एवढं लिहून कळव."

"कळवतो."

"रात्री आलं तर उठून बस."

जायच्या दिवशी भटजींनी पंचांग उघडलं आणि पौषात चांगली वेळ नाही म्हणून मिटलं. आई म्हणाली, "गाडीची वेळ काय आहे?" मी सांगितली. "तोच मुहूर्त." बँड नव्हता, हार नव्हता. बटईदार पेटी उचलायला आला होता. त्यानं येताना काटा-सुरी फडक्यात गुंडाळून आणली होती. ती खानसाम्याला परत करायची आठवण मला राहिली नसती.

मी आईच्या पाया पडलो. दारात कोणी नव्हतं. रस्त्यात एक गाय उभी होती.

"येतो," मी म्हणालो.

तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता.

"जा आता," ती म्हणाली. "किती वेळा निघशील."

निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. ती एरवी मांजरालासुद्धा ओसरीवरून हाकलताना 'ये आता' म्हणायची. मी उंबऱ्यात क्षणभर अडलो. मग मला कळलं की हा शब्द तिनं माझ्यासाठी इतके दिवस राखून ठेवला होता, आणि मी निघालो.

स्टेशनात बटईदारानं पेटी ठेवली आणि तो पाणी प्यायला गेला. मी फलाटाच्या कडेला उभा होतो. अंगात तोच कोट. एक बाई कडेवर मूल घेऊन माझ्यापाशी आली आणि पदर सावरत म्हणाली, "साहेब, नागपूरची गाडी गेली का जी?"

मी रुळांकडे पाहिलं. लांबवर धूर दिसत होता.

"नाही," मी म्हणालो. "येऊन राहिली."